एक पातं बेपत्ता

काटा पंच्याण्णवावर गेला तेव्हा
ओशेलचा धक्का हाकेच्या अंतरावर होता,
शीड गुंडाळलेलं, वारा मेलेला,
आणि ओहोटी आम्हाला हळूहळू
शापोऱ्याच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्याकडे ओढत होती.
"बंद कर," डॉक्टर एर्मेलिंदा म्हणाल्या.
चाळीस वर्षं दात कोरताना
याच आवाजात म्हणत असतील.
मी इंजिन बंद केलं, नांगर सोडला.

मागच्या नळीतून पाणी पडायचं थांबलं होतं.
नुसती वाफ,
खोकला येतो पण कफ सुटत नाही तशी.

यंत्राशी भांडू नये, पाण्याच्या मागे जावं:
हे बाबांचं,
आणि बाबांनी इंजिन उघडून कधी पाहिलं नव्हतं.
ते खाजनातली मानस सांभाळायचे.
भरतीला तिचं लाकडी दार आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडतं,
तरी रात्री कंदील घेऊन जायचे,
फळीला कान लावून बसायचे.
बांधाच्या अलीकडे कोरगुट, पलीकडे नदी,
मध्ये चार हात चिखल.
कोरगुट खारं सोसतं. पण किती?

तर पाण्याच्या मागे.
तळाच्या कॉकवरची नळी सोडवली,
नदी थेट माझ्या गुडघ्यावर.
म्हणजे इथवर येतंय. कॉक फिरवला.
गाळणीत कांदळाचं एक पान
आणि बोटाएवढी कोळंबी, जिवंत.
तिला परत सोडली.
पट्टा ताठ.
मग पंपाचं झाकण, सहा स्क्रू,
पाच हातात आले, सहावा तळातल्या तेलकट पाण्यात.
त्यात वीस मिनिटं गेली.

आत रबराचं चक्र.
सहा पाती हवीत.
तीन होती.

"किती महिने कोरडी पडून होती ही?"
बाई जरा वेळ बोलल्याच नाहीत.
"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना,
तेव्हापासून."
आणि पिशवीतून आरसा काढला,
लांब दांड्याचा, नाण्याएवढा,
आणि एक वाकडा चिमटा.

तुटलेलं पातं नाहीसं होत नाही,
पाण्याबरोबर पुढे जातं,
आणि जिथे वाट अरुंद होते तिथे बसतं.
वाट अरुंद होते ती त्या पितळी पेटीत,
जिथे तांब्याच्या नळ्यांमधून खारं जातं
आणि नळ्यांभोवती गोडं फिरतं.
दोन्ही भेटत नाहीत,
पण एकाची आग दुसरं घेऊन जातं.
बाबांना हे दाखवायचं राहिलं:
मीठ अडवणारा, उष्णता सोडणारा
असाही एक बांध असतो,
नखापेक्षा पातळ.

"आ कर," बाई पेटीच्या तोंडाला म्हणाल्या.
मी टॉर्च धरला.
पहिलं पातं सहज आलं.
दुसऱ्याला मूळ असावं तसं घट्ट,
त्यांनी ते हलवत हलवत, घाई न करता, बाहेर काढलं
आणि बशीत ठेवलं.
तिसरं नव्हतं.
नळीत नाही, कोपऱ्यात नाही,
आरशात फक्त हिरवट तांबं
आणि उलटा माझा डोळा.

बिस्किटांच्या डब्यात नवं चक्र होतं.
भांड्यांचा साबण लावला, ग्रीस नाही, ग्रीस रबर खातं.
सगळी पाती एकाच दिशेला वाकवून आत ढकललं,
झाकण बसवलं, कॉक उघडला.
तोवर भरती लागलेली,
बोटीनं नांगरावर फिरून तोंड समुद्राकडे केलेलं.

चावी.
मी मोजत होतो. अकराला
नळी पचकन थुंकली,
मग थुंकतच राहिली.
काटा ऐंशीवर आला आणि बसला.

बाईंनी बोटीची वही पुढे केली.
मी तारीख घातली, तास घातले,
नवीन चक्र, दोन पाती काढली,
आणि खाली, जरा बारीक अक्षरात:
एक पातं बेपत्ता.

कुर्लीचं एखादं बीळ सापडलं नाही म्हणून
बाबांनी पेरणी अडवली नाही कधी.
रात्री उठायचे, एवढंच.

धक्क्याकडे वळलो तेव्हा
मी खाली, इंजिनच्या पेटीवर कान टेकून.
"कितें म्हणटा तें?" वरून बाईंनी विचारलं.
"अजून पाणीच," मी म्हटलं,
आणि कान तसाच ठेवला.